तरसांची गुहा आणि नोहाचा पूर

भर वर्गात फळ्यावरचे आपले चुकलेले गणित पुसताना माझा हात अजून जड होतो. म्हणून ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंड या धर्मोपदेशक भूशास्त्रज्ञांची हकिगत मला जवळची वाटते.

1821 साली यॉर्कशायरमधील कर्कडेलच्या गुहेत हाडांचा खच सापडला. तरस, हत्ती, गेंडा, पाणघोडा! नोहाच्या वेळच्या पुराने ही दूरदेशीची जनावरे वाहून आणली, असे म्हणणे किती सोपे होते! बकलंडांनी मात्र एका फिरत्या प्राणिसंग्रहातील जिवंत तरसापुढे बैलाचे हाड टाकले आणि दातांचे व्रण ताडून पाहिले. व्रण तंतोतंत जुळले. म्हणजे तरसे तेथेच राहत होती, शिकार ओढून आणीत होती. पूर उरला तो हाडांवर साचलेल्या चिखलापुरता. तेवढा चिखल मात्र 1823 च्या ग्रंथात त्यांनी जगबुडीचा साक्षीदार म्हणून उभा केला.

पण ठिकठिकाणचे गोटे नि वाळू एकाच वेळची नाहीत, हे पुढे दिसू लागले. 1831 मध्ये केंब्रिजच्या अ‍ॅडम सेजविकांनी (तेही धर्मोपदेशकच!) लंडनच्या भूशास्त्र-सभेत, अध्यक्षपदावरून, आपले मत जाहीरपणे मागे घेतले. केवढी छाती लागली असेल! 1836 मध्ये बकलंडांनीही माघार घेतली. 1840 मध्ये तर अगासिझ या स्विस पंडिताबरोबर ते स्कॉटलंडभर हिंडले; पुराच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या शिळा हिमनद्यांनी आणल्या होत्या.

1845 साली ते वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेचे डीन झाले. नोहाची गोष्ट तेथेही वाचावी लागलीच असणार.