आत्मनेपदाचा लोप आणि फ्रेंचमधील आत्मवाचक क्रियापदे

करमाडचे रेल्वे स्थानक मनमाड-सिकंदराबाद मार्गावर छत्रपती संभाजीनगर व जालना यांच्या दरम्यान आहे. तेथे उभा असलेला माणूस ‘गाडी थांबते’ असे म्हणतो, तेव्हा गाडी स्वतःवर काही क्रिया करते असा भाव त्याच्या मनात नसतो. फ्रेंच भाषेत मात्र हेच वाक्य ‘ल त्रँ सारेत’ असे होते. त्यातील ‘स’ हे आत्मवाचक सर्वनाम वगळले, तर ‘थांबते’ऐवजी ‘थांबवते’ हा अर्थ उभा राहतो आणि काय थांबवते ते सांगावे लागते. उलट, त्या ‘स’चे भाषांतर प्रत्येक ठिकाणी ‘स्वतःला’ असे केले, तर गाडी स्वतःला थांबवू लागते आणि दार स्वतःला उघडू लागते. मराठी विद्यार्थ्याच्या हातून या दोन्ही चुका संभवतात. त्यांचे मूळ दोन्ही भाषांच्या इतिहासात शोधावे लागते.

संस्कृत शिकलेल्यास येथे आत्मनेपदाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. क्रियेचे फळ कर्त्याकडे जात असता आत्मनेपद योजावे, असे पाणिनी सांगतो. ‘पचति’ आणि ‘पचते’ यांतील भेद तो हाच. लॅटिनमध्येही ‘लवातुर’ यासारखे प्रत्ययान्त रूप ‘धुतला जातो’ आणि ‘अंग धुतो’ अशा दोन्ही अर्थी चाले. पुढे दोन्हीकडे हे प्रत्यय झिजून गेले. प्राकृतात आत्मनेपद जवळजवळ नामशेष झाले; लॅटिनोत्पन्न भाषांत ते जुने कर्मणी प्रत्यय उरले नाहीत.

रिकामी झालेली जागा भरण्याचे मार्ग मात्र भिन्न ठरले. फ्रेंचने सकर्मक धातू मूळ धरला व त्यास सर्वनाम जोडले: ‘लव्हे’ म्हणजे उचलणे, ‘स लव्हे’ म्हणजे उठणे. मराठीत ‘उठणे’ हे मूळ आणि ‘उठवणे’ हे साधित. फ्रेंच जेथे सर्वनाम जोडून धातू अकर्मक करते, तेथे मराठी प्रत्यय जोडून तो सकर्मक करते, दिशाच उलटी.

याहून जुना थर ‘फुटणे-फोडणे’, ‘तुटणे-तोडणे’ या जोड्यांत सापडतो. ‘स्फुट्यते’ यातील ‘ट्य’चा प्राकृतात ‘ट्ट’ झाला आणि मराठीत ‘ट’ टिकला. ‘स्फोटयति’ या प्रयोजक रूपातील एकटा ‘ट’ स्वरांमध्ये सापडून ‘ड’ झाला. म्हणजे फ्रेंच जो भेद सर्वनामाने दाखवते, तो मराठीने एका व्यंजनात आणि एका स्वरात साठवून ठेवला. मराठीच्या अशा ध्वनिपरिवर्तनांचा शास्त्रशुद्ध इतिहास प्रथम झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडितानेच लिहावा, हा योगायोग मोठा रम्य आहे. त्याचा ग्रंथ 1920 साली पॅरिसमध्ये निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद 1941 साली प्रसिद्ध झाला.

सर्वनामाचा खरा आत्मवाचक उपयोग मराठीसही अपरिचित नाही. ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्पा’ आणि त्यातून ‘आपण’, ‘आपला’ हे शब्द आले. ‘तो आरशात स्वतःला पाहतो’ येथे ‘स’चा अर्थ नेमका ‘स्वतःला’ असाच होतो. ‘तिने आपले हात धुतले’ या वाक्यात मात्र मराठी स्वामित्व दाखवते, तर फ्रेंच ‘तिने स्वतःस हात धुतले’ अशा धाटणीची रचना करते.

भूतकाळातील रूपांत मराठी विद्यार्थ्यास अनपेक्षित साहाय्य मिळते. ‘ती उठली’ यात स्त्रीलिंग दिसते. ‘तिने हात धुतले’ यात क्रियापद हातांकडे वळते. फ्रेंचमध्येही आत्मवाचक क्रियापदाचे धातुसाधित कर्माकडे पाहते, परंतु ते कर्म आधी आले असेल तरच. हा नियम 16 व्या शतकात क्लेमाँ मारो या कवीने मांडला. त्यामुळे ‘ती न्हाली’ या अर्थाच्या ‘एल से लाव्हे’मध्ये स्त्रीलिंगाचे जादा अक्षर लिहावे लागते, त्यापुढे ‘ले मँ’, म्हणजे हात, हे कर्म आले की ते गळते. उच्चारात काहीच फरक पडत नाही, म्हणून फ्रेंच मुलेही येथे अडखळतात. करमाडच्या मुलास कर्मानुसारी क्रियापद घरातच मिळालेले असते. त्याला नव्याने शिकायचे ते फक्त शब्दांचा क्रम पाहणे.