कंपाउंडर, एल.सी.पी.एस. आणि डॉक्टर: मधली शिडी गेली कुठे?

 

परवा बातमीच्या कामाने तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर गेलो होतो. तिथल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताई बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या, वय छत्तीस. बाहेर आठ-दहा माणसं बसलेली. कुणाचं बीपी, कुणाची साखर, कुणाच्या पायाची जखम. एक आजी आत शिरतानाच "अगो डॉक्टरीणबाय" म्हणून हाक मारत आली. ताई हसल्या. गर्दी ओसरल्यावर चहा घेताना मला म्हणाल्या, "दादा, नीटला आता वयाची अट नाही म्हणतात. मला खरंच डॉक्टर होता येईल का हो?"

"बघून सांगतो" म्हटलं. बघायला बसलो आणि मागे मागे जात १८४५ पर्यंत पोचलो.

त्या साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथून निघणारे डॉक्टर मोजके, इंग्रजीत शिकलेले, आणि त्यांचा ओढा शहराकडे. मग गावोगावचे दवाखाने, देवीच्या लशी, पलटणीतले जखमी हे कोण बघणार? त्यासाठी सरकारने दुसरा माणूस तयार केला: हॉस्पिटल असिस्टंट. १८६१ मध्ये ग्रँट कॉलेजातच त्यांच्यासाठी देशी भाषेतले वर्ग निघाले, त्यातला एक मराठीचा. म्हणजे शरीरशास्त्र आणि औषधशास्त्र मराठीत शिकवणारा सरकारी वर्ग दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत चालत होता. आज हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

पुढे १८७८ मध्ये पुण्यात बैरामजी जीजीभाई मेडिकल स्कूल उभं राहिलं. ससूनला लागून असलेलं आजचं बी.जे. मेडिकल ते हेच, पण तेव्हा ते कॉलेज नव्हतं, 'स्कूल' होतं. हा फरक महत्त्वाचा. कॉलेजातून पदवीधर निघत, स्कूलमधून असिस्टंट. १९१० च्या सुमारास त्यांचं नाव बदलून सब-असिस्टंट सर्जन झालं. रमाबाई रानड्यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा आणि परित्यक्ता बायकांना नर्सिंगला पाठवलं, तसंच सब-असिस्टंट सर्जनच्या वर्गालाही पाठवलं. घरात कोंडलेल्या बाईला चार वर्षांत दवाखाना चालवता येईल असा तो रस्ता होता.

१९१२ मध्ये मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स निघालं आणि एल.सी.पी.एस. ही अक्षरं आली. आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही अक्षरं लगेच आठवतील. कोकणातल्या कितीतरी बाजारपेठांत लाकडी पाटीवर ती असायची. मॅट्रिकनंतर साधारण चार वर्षांचं शिक्षण, की दवाखाना टाकायला परवाना. एम.बी.बी.एस.ला आधी इंटर सायन्स, मग पाच वर्षं. एवढे पैसे आणि एवढा काळ कुणाकडे होता? आपला म्हसळा तेव्हा जंजिऱ्याच्या नवाबाच्या मुलखात. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा असं ते छोटं संस्थान, १९४८ मध्ये विलीन झालेलं. असल्या मुलखात पदवीधर डॉक्टर येऊन राहायला कारणच नव्हतं.

आता खरी गोम इथे आहे. हे परवानाधारक (त्यांना लायसेन्शिएट म्हणत) काम डॉक्टरचं करत, पण मान अर्धा. सरकारी नोकरीत वर गोरा सिव्हिल सर्जन, खाली हे. १९३३ मध्ये इंडियन मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला आणि त्यातून त्यांना वगळलंच. पदवीधर तेवढे आत, हे बाहेर. त्यांची अखिल भारतीय संघटना होती, तिने वर्षानुवर्षं आरडाओरड केली. मागणी काय, तर आम्हालाही वर चढू द्या. दुसऱ्या महायुद्धात डॉक्टरांचा तुटवडा पडला तेव्हा सरकारला हेच आठवले. १९४३ मध्ये इंडियन आर्मी मेडिकल कोअर झाली आणि त्यांच्या खांद्यावरही अधिकाऱ्याची फीत आली. गरज पडली की दर्जा वाढतो. कोविडमध्ये आपण हे पुन्हा बघितलं, असो.

त्याच १९४३ मध्ये सर जोसेफ भोर यांची समिती नेमली गेली, अहवाल १९४६ मध्ये आला. सरकारी आरोग्यव्यवस्थेचा पाया म्हणून आजही त्याचं नाव घेतात. समितीने मोजदाद केली: देशात सुमारे ४७,५०० डॉक्टर, त्यातले जवळपास दोन तृतीयांश परवानाधारक. दर ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर. तरीही समितीच्या बहुमताने ठरवलं की यापुढे एकच डॉक्टर असावा, पदवीधर, 'बेसिक डॉक्टर'. परवान्याचा अभ्यासक्रम बंद. काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं की डॉक्टर एवढे कमी असताना हा रस्ता बंद करू नका. ते मागे पडलं.

या निर्णयाला शिव्या देणं सोपं आहे, पण मी देणार नाही. शहरात पदवीधर आणि खेड्याला कमी शिकलेला चालेल, हा विचार स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाला अपमानाचा वाटला, आणि तो अपमानच होता. खुद्द परवानाधारकांनाही दोन दर्जे नको होते. त्याच १९४६ साली पुण्याच्या स्कूलचं कॉलेज झालं. पहिले प्राचार्य डॉ. बी. बी. दीक्षित, जे दहा वर्षांनी दिल्लीच्या एम्सचे पहिले संचालक झाले.

जे आधीच परवानाधारक होते त्यांच्यासाठी मात्र त्या काळाने एक शहाणपणाची गोष्ट केली. विद्यापीठांनी त्यांच्यासाठी 'कंडेन्स्ड' एम.बी.बी.एस. ठेवला. म्हणजे आधीचं शिक्षण जमेस धरून थोडक्यात पदवी. दहा-पंधरा वर्षं प्रॅक्टिस केलेली, पोरंबाळं असलेली माणसं पुन्हा बाकावर बसली. पुन्हा पहिलीपासून सुरुवात कर, असं त्यांना कुणी म्हटलं नाही. ती पिढी संपली तसा तो अभ्यासक्रमही संपला. शिडीची खालची पायरी काढली होती, मग वर चढणार कोण?

खालच्या पायरीची गरज मात्र संपली नाही. ती दर दहा-वीस वर्षांनी नाव बदलून परत येते. आपल्याच जिल्ह्यात, मांडव्याला, डॉ. एन. एच. अंतिया यांनी १९७० च्या दशकात गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवून दाखवलं. १९७७ मध्ये जनता सरकारने गावोगाव आरोग्यरक्षक नेमले. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढला आणि थोड्याच वर्षांत गुंडाळला. आपल्या राज्याने २०१४ मध्ये कायदा बदलून होमिओपॅथी डॉक्टरांना एक वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर ॲलोपॅथीची औषधं देण्याची वाट काढली. त्यावरून कोर्टबाजी झाली, २०२५ मध्ये डॉक्टरांचा संप झाला. आणि २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे आमच्या ताई.

अमेरिकेत हाच प्रश्न १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठाने हाताळला. नौदलातून परतलेले चार वैद्यकीय मदतनीस घेतले आणि 'फिजिशियन असिस्टंट'ची पहिली तुकडी काढली. आपल्याकडे चेन्नईत १९९२ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी असा अभ्यासक्रम आणला. आता २०२१ च्या केंद्रीय कायद्यात या पेशाला जागाही मिळाली. पण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लेक इरी कॉलेजने २०११ पासून आणखी एक केलं: असा असिस्टंट डॉक्टर व्हायला आला तर त्याला चारऐवजी तीन वर्षांत पूर्ण करता येतं. जागा मोजक्याच, पण दार आहे. आपला जुना कंडेन्स्ड कोर्स म्हणजे दुसरं काय होतं?

आपल्याकडे नोकरीत राहून वर चढायचा रस्ता आहे, पण तो आधीच डॉक्टर असलेल्यांना. महाडजवळच्या बिरवाडीत १९७६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रावर आलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर आपल्याला माहीत आहेत. विंचूदंशाने माणसं डोळ्यांदेखत मरताना बघितली, पुण्याला जाऊन एम.डी. केली आणि परत पोलादपूरला आले. त्यांच्या संशोधनाने विंचवाचा रुग्ण वाचू लागला. खेड्यात काम केलेला माणूस पुन्हा शिकायला गेला की प्रश्न सोबत घेऊन जातो. हेच एखाद्या नर्सबाबत का खरं असू नये?

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. हो, २०२२ पासून नीटला वयाची वरची अट नाही. पण बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं. तुमच्या बी.एस्सी. नर्सिंगला ते लागलंच होतं, म्हणून तुम्ही बसू शकता. जी.एन.एम. किंवा ए.एन.एम. करताना आर्ट्समधून आलेल्या तुमच्या मैत्रिणींना आधी ते विषय काढावे लागतील. बायोलॉजी नंतर जोडून देण्याची सोय २०२३ मध्ये झाली आहे. त्यानंतर अठरा वर्षांच्या पोरांबरोबर तीच परीक्षा, तोच कटऑफ. तुम्ही केलेल्या बाळंतपणांचा, दिलेल्या इंजेक्शनांचा, चार वर्षांच्या नर्सिंगचा एकही गुण नाही. लागलात तर साडेपाच वर्षं, इंटर्नशिप धरून. पगार बंद. अलिबागला सरकारी कॉलेज २०२१ मध्ये सुरू झालं, पण रोज म्हसळ्याहून जाऊन-येऊन होणारं ते अंतर नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.

हे सगळं फोनवर सांगितलं. ताई थोडा वेळ गप्प होत्या. मग विचारलं, "तो जुना कोर्स परत सुरू करा म्हणून कुणाकडे अर्ज करायचा असतो?"

वैद्यकीय शिक्षण खात्यातलं कुणी ही पोस्ट वाचत असेल तर कमेंटमध्ये सांगा. मी त्यांना कळवतो.