शीर्षकरेषा (ई-पुस्तक)

ई-पुस्तकात प्रकरणाच्या शीर्षकाखाली दिलेली सजावटीची रेघ. शीर्षक आणि मजकूर यांची फारकत दाखवणे आणि पुस्तकभर प्रकरणांच्या आरंभाला एकसारखे रूप देणे, ही तिची दोन कामे. साधी, दुहेरी, ठिपक्यांची आणि मध्यभागी नक्षी असलेली, असे तिचे नेहमीचे प्रकार आहेत. छापील पानावर रेघेची जागा व लांबी एकदाच ठरते. ई-पुस्तकात अक्षराचा आकार आणि पार्श्वभूमी वाचकाच्या हाती असते, पडद्याची रुंदीही यंत्रागणिक बदलते. त्यामुळे ही रेघ ठरावीक मापाने न आखता नियमाने सांगावी लागते.

पूर्वपीठिका : हस्तलिखित पोथ्यांत अध्यायाचे नाव बहुधा शेवटच्या समाप्तिवाक्यात, म्हणजे पुष्पिकेत येई. रेघा असत त्या समासाच्या. उभ्या आणि बहुतेक वेळा तांबड्या. शीर्षक वर आणि त्याखाली आडवी रेघ ही मांडणी छपाईबरोबर रुळली. खिळेजुळणीत अक्षरांच्या उंचीच्या धातूच्या पट्ट्या खिळ्यांसोबत बसवून रेघ उमटवीत. फुलापानांचे सुटे खिळे ओळीने लावून वेलबुट्टी साधत. मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती होत जाणारी रेघ एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पुस्तकांत विशेष दिसते.

रचनेच्या पद्धती : ईपब हा ई-पुस्तकाचा खुला प्रकार वेबपानांच्याच एचटीएमएल व सीएसएस या भाषांवर उभा आहे. त्यात शीर्षकरेषा मुख्यतः तीन प्रकारे देतात. पहिली पद्धत मथळ्याच्या चौकटीला खालची कड देण्याची (बॉर्डर-बॉटम). दुसरी, मथळ्यानंतर ‘एचआर’ हा स्वतंत्र घटक घालण्याची. एचटीएमएलमध्ये ‘एचआर’चा अर्थ विषयबदल असा आहे, शीर्षकाखाली तो अर्थ लागू पडत नाही, शिवाय स्वतंत्र घटक असल्याने रेघ मथळ्यापासून तुटू शकते. तिसरी पद्धत चित्राची. नक्षीदार रेघेला ती सोयीची असून एसव्हीजी प्रकारचे चित्र कितीही मोठे केले तरी फाटत नाही.

देवनागरीतील विशेष : देवनागरीत शिरोरेषा वर असते आणि उकार, ऋकार व काही जोडाक्षरे अक्षराच्या पायाखाली उतरतात. त्यामुळे मथळा सरळ अधोरेखित केला, तर रेघ उकारांतून जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील बिद्री (ता. कागल) येथील साखर कारखान्याचे नाव उदाहरण म्हणून घेता येईल. ‘दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना’ हे प्रकरणाचे शीर्षक केल्यास पायाखाली उतरणारे चिन्ह एकच, ‘दू’चा दीर्घ उकार. जुन्या वाचनयंत्रावर अधोरेघ या उकाराला छेदते. अक्षर टाळून रेघ काढणाऱ्या नव्या यंत्रांवर ती आरंभीच तुटते आणि पुढे सलग धावते. हेच शीर्षक मोबाइलच्या पडद्यावर दोन ओळींत मोडले, तर दोन्ही ओळींखाली रेघ येते आणि ओळींतले अंतर कमी असल्यास वरची रेघ ‘सहकारी’च्या वेलांटीला भिडते. चौकटीची खालची कड वापरल्यास सगळ्या शीर्षकाखाली मिळून एकच रेघ उमटते. कड आणि अक्षरे यांमधील मोकळी जागा (पॅडिंग) अक्षराच्या आकाराच्या पटीत, ‘एम’ या एककात दिली, तर वाचकाने अक्षर मोठे केल्यावर तीही वाढते. उकारांमुळे देवनागरी शीर्षकाला ही जागा रोमन शीर्षकापेक्षा थोडी जास्त ठेवावी लागते.

रंग व सुगम्यता : काळ्या रंगात बांधलेली रेघ किंवा पारदर्शक पार्श्वभूमीवरचे काळे चित्र रात्रवाचनाच्या काळ्या पडद्यावर दिसेनासे होते. कडेला रंग नेमून दिला नाही, तर ती अक्षरांचाच रंग घेते आणि ही अडचण राहत नाही. ई-इंकच्या पडद्यावर फिकट करडी, अतिबारीक रेघ नीट उमटत नाही. पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला सजावट ऐकवण्याचे कारण नसते. म्हणून चित्राचे पर्यायी वर्णन कोरे ठेवतात. सीएसएसने दिलेली कड ते सॉफ्टवेअर मुळातच वाचत नाही. दंड, तारका किंवा फुलांची चिन्हे मथळ्याच्या मजकुरातच टंकित केली, तर अनुक्रमणिका आपोआप तयार होताना ती तिच्यातही उतरतात.

मराठीतील स्थिती : मराठी ई-पुस्तके बराच काळ प्रामुख्याने पीडीएफ रूपात वाचली गेली. तेथे पान गोठलेले असल्याने छापील पुस्तकाची रेघ जशीच्या तशी टिकते. ॲमेझॉनने डिसेंबर २०१६मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके सुरू केली आणि प्रवाही मजकुराची गरज वाढली. युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेली जुनी पुस्तके ईपबमध्ये आणताना मजकुराबरोबर सजावटही तपासावी लागते, कारण नक्षीच्या फाँटातले फूल तो फाँट नसलेल्या यंत्रावर एखादे रोमन अक्षर होऊन बसते. अशा रूपांतरात जुनी नक्षी काढून मथळ्याला साधी कड देणे, हा कमी खर्चाचा आणि बहुतेक यंत्रांवर टिकणारा उपाय आहे.