नगरचं गाड्यांशी नातं काय?

पीएचडीच्या मुलाखतीत मला गाव विचारलं. "नगर" म्हटल्यावर समोरचे एक सर खूश होऊन म्हणाले, "मग व्हीआरडीई माहीत असेलच!" मला माहीत होती ती फक्त पाटी, तीही एसटीच्या खिडकीतून पाहिलेली. आत काय चालतं, हे सांगता येईना. तुम्ही नगरचे असाल आणि इंजिनिअरिंग किंवा एमएस्सी करत असाल, तर बहुधा तुमचंही असंच असेल. गाड्या म्हणजे पुणे, चाकण, पिंपरी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. म्हणून हा इतिहास थोडा सांगतो.

सुरुवात नगरला नाही, चकलाल्याला होते. चकलाला हे रावळपिंडीजवळचं ठिकाण. लष्कराच्या मोटारवाहनांची पारख करणारी संस्था तिथे 1929 मध्ये उभी राहिली. 1947 मध्ये फाळणी झाली आणि माणसांबरोबर कचेऱ्या, यंत्रं, फायलीही इकडे आल्या. ही संस्था आली ती नगरला. नगरच का? इथे छावणी होती. रणगाड्यांचं प्रशिक्षण दोन महायुद्धांच्या मधल्या काळापासूनच इथे चालत होतं. पुढे आर्मर्ड कोअरचं केंद्र आणि शाळाही इथेच उभी राहिली. शिवाय आपण ज्या कोरड्या, खडकाळ माळरानाला कायम नावं ठेवतो, तेच गाडीची हाडं खिळखिळी करायला उत्तम! त्या संस्थेचीच पुढे व्हीआरडीई झाली, म्हणजे व्हेइकल्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट. आज ती डीआरडीओची प्रयोगशाळा आहे आणि तिच्या पत्त्यातलं नाव आहे वाहननगर.

आता या गोष्टीतलं न आवडणारं वळण. 1960 च्या दशकात 'विजयंता' रणगाडा मद्रासजवळ आवडीच्या कारखान्यात तयार होऊ लागला. संशोधक कारखान्याच्या जवळ हवेत म्हणून व्हीआरडीईची एक तुकडी तिकडे गेली, आणि 1976 मध्ये तिची स्वतंत्र प्रयोगशाळा झाली, सीव्हीआरडीई. 'अर्जुन' रणगाडा घडला तो तिथे. रणगाड्यांचं मुख्य संशोधन नगरहून गेलं, कारण रणगाडे बनवणारा कारखाना नगरला नव्हता. नगरकडे राहिली मुख्यतः चाकांवरची वाहनं, इंजिनं आणि चाचणी.

चाचणी म्हटलं की आपण नाक मुरडतो. "ते काय, नुसतं टेस्टिंग!" मीही असंच म्हणायचो. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 126 काढून बघा. नव्या गाडीचा नमुना कुणाकडून तपासून घ्यायचा, याची यादी त्यात आहे. त्यात पहिलं नाव व्हीआरडीईचं आहे, पुण्याच्या एआरएआयचं त्यानंतर. म्हणजे लष्कराशी काडीचा संबंध नसलेली गाडीही इथे तपासायला येऊ शकते.

आणि संशोधन म्हणाल, तर माझ्या विषयाजवळचं एक उदाहरण देतो. मी धातूंवरच्या लेपांवर काम करतो, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे. 'निशांत' या मानवरहित विमानासाठी 55 अश्वशक्तीचं वँकेल इंजिन देशात बनवायचं ठरलं. या इंजिनात दट्ट्या वरखाली होत नाही. तीन कोपऱ्यांचा रोटर एका पोकळीत फिरतो. ती पोकळी इंग्रजी आठासारखी, कमरेत किंचित दबलेली असते. वजन कमी, हादरे कमी. कॅमेरा घेऊन उडणाऱ्या विमानाला आणखी काय हवं! अडचण एवढीच की रोटरच्या तिन्ही टोकांवरच्या पट्ट्या पोकळीच्या भिंतीवर सतत घासतात. त्यात भिंतीची एक बाजू कायम जळणाऱ्या वायूसमोर, दुसरी कायम थंड हवेसमोर. भिंत वजनामुळे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची करावी लागते, आणि तो मऊ. म्हणून तिच्यावर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप देतात. निकेल चढवायच्या द्रावणात कार्बाइडचे बारीक कण तरंगत ठेवायचे, म्हणजे निकेल बसताना ते त्यात अडकतात. द्रावण कमी ढवळलं तर कण तळाशी बसतात, जास्त ढवळलं तर चिकटायच्या आधीच वाहून जातात. (माझं एक अख्खं सेमिस्टर या ढवळण्यात गेलंय.) तो लेप, त्या मिश्रधातूचं ओतकाम आणि इंजिनाचा गाभा हे काम व्हीआरडीईचं होतं. प्रज्वलन, इंधन आणि शीतन यंत्रणा बंगळूरच्या एनएएलची, उड्डाणचाचणी एडीईची. एप्रिल 2009 मध्ये या इंजिनावर 'निशांत' कोलारला उडालं.

मग हे सगळं असून नगर हे वाहनांचं शहर का झालं नाही? प्रयत्न झाला होता. नगरच्याच फिरोदिया घराण्यातल्या ह. कुं. फिरोदियांनी कायनेटिक इंजिनिअरिंग काढली आणि 1972 मध्ये 50 सीसीची 'लूना' बाजारात आणली. दौंड रस्त्यावरचा कायनेटिकचा कारखाना नगरमध्ये कितीतरी घरांना माहीत होता. पण लूना आणि वाहननगर या दोन जगांमध्ये कुंपण होतं. माझ्या मते खरी अडचण तीच. लष्करी प्रयोगशाळेतलं ज्ञान शेजारच्या एमआयडीसीत आपोआप झिरपत नाही, कारण ते झिरपू नये अशीच तिची रचना असते. अलीकडे हे थोडं बदलतंय. 'व्हॅप' हे आठ चाकी चिलखती वाहन व्हीआरडीईने टाटांबरोबर विकसित केलं. म्हणजे भागीदार मिळाला, पण तो नगरचा नाही.

तुम्हाला यावर काम करायचं असेल तर आतली कागदपत्रं मिळतील या आशेवर प्रस्ताव लिहू नका. नियम 126 आणि त्याच्या दुरुस्त्या उघड आहेत, लेपांवरचे शोधनिबंध उघड आहेत, आणि छावणीतलं रणगाडा संग्रहालयही 1994 पासून उघडं आहे. तिथे मीसुद्धा पहिल्यांदा गेलो तो मुलाखतीनंतरच्या रविवारी.