रँगल बेटावरचे शेवटचे मॅमथ कशामुळे संपले? डीएनए काय सांगतो

मॅमथ म्हटलं की हिमयुग आठवतं. पण गिझाचा मोठा पिरॅमिड बांधून झाला होता, आपल्याकडे मोहेंजोदडो गजबजलेलं होतं, तेव्हाही सायबेरियाच्या उत्तरेला रँगल नावाच्या बेटावर मॅमथ फिरत होते. ते संपले सुमारे ४,००० वर्षांपूर्वी.

का संपले, याचा शोध आता त्यांच्या हाडा-दातांतल्या डीएनएमधून घेतला जातोय. काम सोपं नाही. प्राणी मेला की डीएनए तुटायला लागतो. हजारो वर्षांनी उरतात ते बारीक तुकडे, त्यात जंतूंचा आणि हाड हाताळणाऱ्या माणसांचा डीएनए मिसळलेला. सिक्वेन्सिंग मशीन असे लाखो तुकडे वाचतं, मग कॉम्प्युटर ते हत्तीच्या जीनोमशी ताडून जागेवर बसवतो. तुकडा खरंच जुना आहे हे कसं ओळखायचं? डीएनएमधलं ‘सी’ हे अक्षर काळानुसार बिघडतं आणि ‘टी’ असं वाचलं जातं, तेही जास्त करून तुकड्याच्या टोकांना. म्हणजे बिघाड हाच जुनेपणाचा पुरावा!

१९८४ मध्ये क्वागा या नामशेष झेब्र्याच्या कातड्यातून जेमतेम २२९ अक्षरं वाचता आली होती. २०२४ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी मॅमथचे २१ जीनोम तपासले, त्यातले १४ रँगलचे.

जीनोमच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्हींत लांबच लांब भाग सारखेच निघाले, तर नात्यातच प्रजनन झालंय असं समजायचं. रँगलवर तेच दिसलं. समुद्र वाढून सुमारे १०,००० वर्षांपूर्वी बेट तुटलं, तेव्हा तिथे फार तर ८ मॅमथ उरले असावेत. पुढच्या २० पिढ्यांत ते २००-३०० झाले आणि जवळपास ६,००० वर्षं तेवढेच टिकले.

म्हणजे नात्यातल्या प्रजननामुळे ते हळूहळू खचत संपले, हा जुना अंदाज इथे बसत नाही. काहीतरी अचानक घडलं असावं. रोगप्रतिकारशक्तीच्या जीन्समधलं वैविध्य मात्र घटलेलं होतं, त्यामुळे एखादी साथ भारी पडली असेल ही शंका राहतेच. ‘मॅमथ परत येणार’ या व्हायरल बातम्यांपेक्षा मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण आपल्या गीरचे सिंहही मोजक्याच पूर्वजांपासून वाढलेत. आकडा सावरतो, हरवलेलं वैविध्य सहजी परत येत नाही.

तपासलेल्या नमुन्यांत रँगलच्या मॅमथची शेवटची सुमारे ३०० वर्षं नाहीत. त्या काळातल्या हाडांचं सिक्वेन्सिंग ही आता पुढची पायरी आहे.