खोडलेल्या पर्यायांचा अभ्यास

बारावीचा निकाल लागला की केडगावात, पुणे रस्त्यालगतच्या गल्ल्यांत, घरोघर एकच प्रश्न फिरतो: 'मग आता पुढं काय?' उत्तर बहुतेक वेळा विद्यार्थ्याच्या आधी दुसरंच कुणीतरी देऊन टाकतं. मुलगी असेल तर 'बी.एस्सी. करू दे, नगरमध्येच होतंय.' मुलगा असेल तर 'डिप्लोमा घाल, लवकर हाताशी आला पाहिजे.' करिअर निवडीच्या मानसशास्त्रात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्याने या दोन वाक्यांपासून सुरुवात करावी. विषयाचा बराचसा ऐवज त्यांतच आहे. (बाहेरच्यांना केडगाव म्हटलं की दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव आठवतं. आपण बोलतोय ते अहिल्यानगर शहराला लागून असलेलं, रेणुकामातेचं केडगाव.)

या शास्त्राचा आरंभ सहसा फ्रँक पार्सन्सपासून सांगतात. १९०८ मध्ये त्यांनी बोस्टनला व्यवसाय मार्गदर्शनाचं केंद्र काढलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९०९ मध्ये, त्यांचं पुस्तक निघालं. सूत्र सरळ होतं: स्वतःला ओळखा, कामांची माहिती घ्या, दोहोंचा मेळ घाला. जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये माणसांचे आणि कामांचे सहा प्रकार मांडले, ते याच वाटेवर. आपल्या राज्यात २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी सुरू झालेली कलचाचणीही याच घराण्यातली. अशा चाचणीचा उपयोग असतो, पण ती विचारते, तुला काय आवडतं? काय आवडायचं बंद झालं आणि कधी, हे ती विचारत नाही.

तो प्रश्न लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये विचारला. त्यांचं म्हणणं असं, की मूल करिअर 'निवडतं' ते फार उशिरा. त्याआधी वर्षानुवर्षं ते पर्याय खोडत आलेलं असतं. सहा ते आठ या वयात 'हे बायकांचं, ते पुरुषांचं' अशी विभागणी पक्की होते, नऊ ते तेरात कामांची पत कळते, आणि स्वतःच्या आवडीचा विचार चौदाच्या पुढे, तोही उरलेल्या कामांपुरता. पुढे तडजोडीची वेळ आली की माणूस आधी आवड सोडतो, मग पत, आणि बाई-पुरुषपणाची चौकट सगळ्यात शेवटी, असंही त्यांनी सुचवलं होतं. या क्रमाबद्दल संशोधकांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत आणि गॉटफ्रेडसन यांनी स्वतःही तो पुढे सैल केला.

मला विचाराल तर आपल्याकडे हा क्रम वर्दीपाशी अडखळतो. पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या मुली पहाटे मैदानावर बघा. ट्रॅकसूट, केस घट्ट बांधलेले, आठशे मीटरची वेळ मोजणारी मैत्रीण आणि कडेला दुचाकीवर बसून राहिलेला भाऊ किंवा बाप. खाकी हे काही पारंपरिक 'बायकांचं काम' नव्हे. तरी तीस टक्के राखीव जागा आणि सरकारी नोकरीची पत एकत्र आली, की घर स्वतः मुलीला पळायला पाठवतं. हीच मुलगी खासगी कंपनीत फिरतीची नोकरी धरते म्हणाली, तर घरात दोन दिवस कुणी बोलणार नाही. म्हणजे चौकट कामाची की कामाच्या भरवशाची, हे इथल्या अभ्यासकाला नव्याने तपासावं लागेल.

मुलींना विज्ञान झेपत नाही, हे तर आता बाजूलाच ठेवा. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात विज्ञान शाखेत मुली २९.८ लाख आणि मुलं २७.४ लाख होती. अभियांत्रिकीत मात्र मुलगेच अजून बरेच पुढे. नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट यांनी १९८१ मध्ये महाविद्यालयीन मुला-मुलींना 'पुरुषी' आणि 'बायकी' मानल्या जाणाऱ्या वीस व्यवसायांबद्दल विचारलं होतं: हे तुम्हाला जमेल का? पुरुषांना दोन्ही प्रकारची कामं जवळपास सारखीच जमतील असं वाटलं. मुलींचा भरवसा 'पुरुषी' कामांपाशी घसरला, आणि क्षमता चाचण्यांत तर फरक नव्हता! असा भरवसा येतो तो करून पाहिल्याने, आणि आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहिल्याने. गल्लीतली एखादी ताई पुण्याला नोकरीला लागली, की मागच्या चार घरांतली बोलणी बदलतात.

लिंगभावाचा अभ्यास म्हणजे मुलींचा अभ्यास, अशी सवय लागली आहे, ती मोडा. मुलाला एकच मोकळीक नसते, कमी कमवण्याची. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. लोक हसले. पण शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात ऐकायला मिळेल. म्हणून मराठी साहित्यात रमणारा मुलगा अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचे चालू घडामोडींचे अंक घेऊन बसतो. त्याची कलचाचणी काहीही सांगो.

कामावरचे हे बाई-पुरुषपणाचे शिक्के कायमचे नसतात, याचा दाखला नगरलाच आहे. मिस सिंथिया फरार यांच्या इथल्या संस्थेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले. १८४८ नंतर पुण्यात त्या शिकवायला निघाल्या की अंगावर शेण यायचं. आज 'मुलीला डी.एड. करू द्या, सोयीचं असतं' असं म्हणताना कुणाला काही वाटत नाही.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर छापील प्रश्नावली जरा थांबवा. कोरा कागद द्या. लहानपणापासून जे जे व्हावंसं वाटलं ते लिहायला सांगा, आणि प्रत्येकापुढे ते कितवीत सुटलं, तेव्हा कोण काय म्हणालं. केडगावात राहणाऱ्यांचे कागद वेगळे ठेवा, रोज एसटीने येणाऱ्यांचे वेगळे. शेवटच्या गाडीची वेळही पर्याय खोडते. मुलाखत घरी घेऊ नका, आई चहा घेऊन आली की उत्तर बदलतं. वडिलांना स्वतंत्र भेटा. 'शिकवायला ना नाही, पण पुण्यात राहणार कुठं?' असं ते म्हणतील. तो प्रश्न जितका मनाचा तितकाच वसतिगृहातल्या खाटांचा आहे, तेव्हा पुढची तासिका त्या खाटा मोजण्यात गेली तरी तो याच विषयाचा अभ्यास समजा.