खांबांवर उभे असलेले घर

घर केवढे मोठे, हे सांगायचे झाले तर आमच्या काटोलकडची जुनी माणसे फुटांचा हिशेब करीत नसत. 'दहा खणांचे घर' म्हटले की ऐकणाऱ्याला अंदाज येई. खण म्हणजे दोन खांबांमधील अंतर. घराचे माप भिंतींवरून न घेता खांबांवरून घ्यावयाचे, या एका रीतीत त्या बांधणीचे सारे शास्त्र सामावलेले आहे.

दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर कड्या व पाट आणि सर्वांत वर कवेलू अशी ती रचना. सांधे खाचा पाडून व लाकडी खुंट्या ठोकून जुळविलेले. छपराचा भार लाकडाचा सांगाडा वाहतो. मधल्या भिंतींचे काम आडोशाचे. म्हणून भिंत पडली तरी घर पडत नाही आणि भिंत हलविली तरी घर तक्रार करीत नाही. भाऊ वेगळे झाले की ओसरीत नवी भिंत येई, एखाद्या खणात दुकान निघे, माडीवर मुलांची शाळा भरे. एखाद्या खांबाला उधळी लागलीच, तर शेजारच्या तुळईला टेकू देऊन तेवढाच खांब बदलीत.

या गुणाची भीषण साक्ष ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने दिली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती कोसळल्या आणि आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना अनेक ठिकाणी असे दिसले की, भिंतींचा ढिगारा झाला होता, पण आतला लाकडी सांगाडा उभा होता. दोष लाकडाचा नव्हता. खांबांभोवती कसलीही बांधणी न साधता दगडांची जी जड भिंत रचली होती, तिचा होता. तरीही त्या दुर्घटनेनंतर 'जुने घर म्हणजे धोका' एवढेच सर्वांच्या मनात राहिले!

अशा घराचा थोर नमुना आम्हांला जवळच, नागपूरच्या महालात पाहावयास मिळाला असता. भोसल्यांचा तेथील राजवाडा काळ्या दगडाचा व कोरीव लाकूडकामाचा होता. १८६४ मध्ये तो आगीत गेला. नगारखाना तेवढा उरला. म्हणून नाइलाजाने पुण्याची वाट धरावी लागते.

ज्या पुण्यात ख्रिस्ती सैनिकांच्या प्रार्थनामंदिरासाठी १७९२ मध्ये सवाई माधवरावांच्या दरबाराने जागा दिली, त्याच पुण्यात साधारण पंधरा वर्षांनी, १८०७ च्या सुमारास, दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबाग वाडा उभा राहिला. तीन चौक, रस्त्यावर पुढे आलेला कोरीव सज्जा, सुरूच्या आकाराचे निमुळते खांब, त्यांवर केळफुलांची नक्षी. बाजीरावाने तेथे जेमतेम अकरा वर्षे काढली. १८१८ मध्ये राज्य गेले, आणि वाड्याचे खरे आयुष्य तेथून पुढे सुरू झाले, असे मला वाटते.

१८२१ मध्ये इंग्रजांनी तेथे संस्कृत पाठशाळा उघडली. पुढच्या डेक्कन कॉलेजचे मूळ तेच. ज्या दालनांत नाचगाणी झाली, त्यांत व्याकरण घोकले जाऊ लागले. मग इंग्रजी शाळा आली. मे १८७९ मध्ये बुधवार वाडा जळून खाक झाला, त्याच वेळी विश्रामबागेलाही आग लागली व एक भाग जळाला. लोकांनी वर्गणी काढून तो पुन्हा उभारला. विसाव्या शतकात नगरपालिकेचा कारभार काही दशके येथूनच चालला. टपाल कचेरीही आली. प्रत्येकाने आपापल्या सोयीने आडोसे घातले, विजेच्या तारा ओढल्या, कोरीव सागवानावर रंगाचे थरावर थर चढविले. गेल्या काही दशकांतील जीर्णोद्धारात त्यांपैकी बरेच उतरवावे लागले.

त्या रंगाबद्दल पुष्कळजण हळहळतात. मला मात्र त्या कारकुनांविषयी कृतज्ञताच वाटते. कारण तेथून थोड्याच अंतरावर शनिवारवाडा आहे. १७३२ मध्ये त्याची वास्तुशांत झाली. जुन्नरच्या रानातील साग, चिंचवडचा दगड आणि जेजुरीचा चुना त्यासाठी आणला होता. फेब्रुवारी १८२८ मध्ये तो पेटला आणि कित्येक दिवस धुमसत राहिला. लाकूड गेले, आज दिसतात ती जोती, हौद आणि तटबंदी. आग दोन्ही वाड्यांना लागली. शनिवारवाडा पुन्हा पूर्ववत बांधण्याची गरज कोणालाच वाटली नाही, आणि विश्रामबागेत मात्र सकाळी शाळेची घंटा व्हावयाची होती. बाजीरावाचा वाडा म्हणून तो वाचला नाही. छपराखाली कोणाचे तरी काम अडले होते, म्हणून वाचला.

आमच्याकडे जुने घर पाडावयाचे ठरले की पहिला फेरा लाकूड विकत घेणाऱ्याचा असतो. तो भिंतींकडे पाहतही नाही. खांबावर बोटाने टकटक करतो, तुळईची लांबी हातांनी मोजतो आणि भाव सांगतो. उतरविलेले जुने सागवान पुढे दूरच्या शहरांतील उपाहारगृहांच्या दारांत 'पारंपरिक' सजावट म्हणून जाऊन उभे राहते. इकडे त्याच जोत्यावर सिमेंटचे खांब चढतात, आणि ते घर किती खणांचे, हे कोणी विचारीत नाही. किती 'बीएचके' एवढेच विचारतात.